गुडघ्याचा ओळंबा, खांद्याचा तोल

सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झाल्यानंतर काढलेला एक्स-रे बहुतेक वेळा देखणा असतो. धातूचे दोन भाग एकमेकांसमोर चोख बसलेले दिसतात, मधली फट सारखी दिसते आणि वाकडा झालेला पाय सरळ झालेला दिसतो. तरीही तोच एक्स-रे असलेल्या दोन रुग्णांपैकी एक जण सहा महिन्यांनी आपला गुडघा बदलला आहे हेच विसरून जातो, तर दुसरा प्रत्येक जिना चढताना त्याची आठवण काढतो. चित्र आणि अनुभव यांच्यातील या अंतराचा अभ्यास गेली अनेक दशके चालू आहे आणि त्याच्या मध्यभागी एक साधा वाटणारा प्रश्न आहे, तो म्हणजे नवा सांधा नेमका कोणत्या कोनात बसवायचा.

शस्त्रवैद्य याला अलाइनमेंट म्हणतात. कोशात ‘संरेखन’ असा प्रतिशब्द सापडतो, पण तो बोलण्यात रुळलेला नाही. भिंत उभी सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी गवंडी जो ओळंबा सोडतो, त्याची कल्पना मला इथे अधिक उपयोगाची वाटते. मात्र ती गुडघ्यापुरतीच पुरेशी आहे. खांद्याला ओळंबा लागत नाही, त्याला तोल लागतो, आणि हा फरक समजला की या दोन शस्त्रक्रियांचे निकाल वेगळे का असतात हेही बरेचसे समजते.

गुडघ्यापासून सुरुवात करू. खुब्याच्या गोळ्याच्या केंद्रापासून घोट्याच्या केंद्रापर्यंत एक सरळ रेषा ओढली, तर ती ढोबळमानाने गुडघ्याच्या मध्याजवळून जाते. या रेषेला यांत्रिक अक्ष म्हणतात, कारण उभे असताना शरीराचा भार याच रेषेने खाली उतरतो. मांडीचे हाड स्वतः या रेषेवर नसते. खुब्याचा गोळा हाडाच्या दांड्यापासून आतल्या बाजूला असल्यामुळे मांडीच्या हाडाचा दांडा आणि यांत्रिक अक्ष यांच्यात साधारण पाच ते सात अंशांचा कोन राहतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बहुतेक लोकांमध्ये गुडघ्याच्या सांध्याची आडवी पातळी या अक्षाला काटकोनात नसते, तर सरासरी तीन अंशांनी आतल्या बाजूला कललेली असते. नडगीच्या हाडाचा माथा आत उतरलेला असतो आणि मांडीच्या हाडाचे टोक त्याच प्रमाणात भरून निघालेले असते, त्यामुळे एकूण पाय सरळ दिसतो आणि सांधा मात्र तिरका असतो.

आधुनिक गुडघेरोपणाची सुरुवात झाली तेव्हा हा तिरकेपणा जाणूनबुजून बाजूला ठेवण्यात आला. फ्रँक गन्स्टन यांनी १९६८च्या सुमारास धातू, प्लास्टिक आणि सिमेंट वापरून गुडघ्याचे पृष्ठभाग बदलण्याचा प्रयोग केला, आणि १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी टोटल कॉन्डायलर नावाची जी रचना वापरात आणली, तिच्यात आजच्या बहुतेक कृत्रिम गुडघ्यांचे मूळ आहे. त्या काळातील मुख्य भीती ही होती की नडगीच्या हाडावर बसवलेला भाग सैल होईल. साध्या चालण्यातही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो, आणि नैसर्गिक गुडघ्यात त्यातला मोठा वाटा आतल्या अर्ध्या भागावर पडतो. हा भार दोन्ही बाजूंना सारखा वाटला गेला, तर सिमेंटवर आणि प्लास्टिकवर ताण कमी येईल, असा सरळ हिशेब होता. म्हणून दोन्ही हाडे यांत्रिक अक्षाला काटकोनात कापायची आणि प्रत्येक पाय, तो मुळात कसाही असो, एकशे ऐंशी अंशांवर आणायचा, अशी पद्धत रूढ झाली. तिलाच यांत्रिक अलाइनमेंट म्हणतात.

या पद्धतीला पुरावाही मिळाला. इंग्लंडमधील ११५ गुडघ्यांचा एक अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात अक्षाची रेषा कृत्रिम सांध्याच्या मधल्या तृतीयांशातून गेलेल्या गुडघ्यांपैकी ३ टक्के सैल झाले होते, तर रेषा त्याबाहेर गेलेल्यांपैकी २४ टक्के. फरक इतका ठळक होता की ‘अधिक-उणे तीन अंश’ हा जणू नियमच होऊन बसला. पुढे संगणकाचे मार्गदर्शन, रुग्णागणिक बनवलेले साचे आणि यंत्रमानव अशी जी साधने आली, त्यांची उपयुक्तता पहिली अनेक वर्षे याच तीन अंशांच्या पट्ट्यात किती गुडघे बसले यावर मोजली गेली.

मात्र काटकोनाची ही सोय फुकट मिळत नाही. नैसर्गिकरीत्या तीन अंश तिरके असलेले नडगीचे टोक काटकोनात कापले की बाहेरच्या बाजूचे हाड आतल्या बाजूपेक्षा जास्त जाते. गुडघा सरळ असताना ही कमतरता मांडीच्या हाडाच्या कापाने भरून निघते, पण गुडघा वाकवला की मांडीच्या हाडाचा मागचा भाग समोर येतो आणि फट पुन्हा तिरकी होते. ती चौकोनी करण्यासाठी मांडीच्या हाडावरचा भाग साधारण तीन अंश बाहेर फिरवून बसवावा लागतो. एवढे करूनही ज्याचा पाय मुळातच धनुष्यासारखा वाकलेला आहे, त्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध, म्हणजे दोन हाडे बांधून ठेवणारा चिवट पट्टा, काटकोनी सांध्यात आखूड पडतो आणि तो सैल करण्यासाठी शस्त्रवैद्याला त्याचे तंतू हाडापासून सोडवावे लागतात. म्हणजे हाड सरळ करण्यासाठी मऊ ऊती बदलायच्या, असा हा व्यवहार आहे. माझ्या मते गुडघेरोपणातील सगळ्या वादाचे मूळ या एका वाक्यात आहे, कारण हाडाला वेदना आणि स्थिती यांची जाणीव जितकी असते त्याहून कितीतरी अधिक ती अस्थिबंधांना आणि सांध्याभोवतीच्या आवरणाला असते.

२०१० आणि २०१२ या दोन वर्षांत या नियमाला दोन बाजूंनी तडा गेला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील ३९८ गुडघ्यांचा पंधरा वर्षांचा मागोवा २०१० साली प्रसिद्ध झाला आणि त्यात असे दिसले की तीन अंशांच्या पट्ट्यात बसलेले गुडघे पट्ट्याबाहेरच्या गुडघ्यांपेक्षा जास्त टिकले नव्हते. दरम्यान प्लास्टिक सुधारले होते, सिमेंट लावण्याचे तंत्र सुधारले होते, भागांचे आकार सुधारले होते. जुन्या सांध्यांना जी चूक सोसली नसती ती नव्यांना सोसत होती, असे म्हणता येईल. दुसरा अभ्यास बेल्जियममधील होता. त्यात गुडघ्याचा कोणताही त्रास नसलेल्या तरुण प्रौढांच्या पायांचे पूर्ण लांबीचे एक्स-रे काढले, तेव्हा ३२ टक्के पुरुषांचे आणि १७ टक्के स्त्रियांचे पाय मुळातच तीन अंश किंवा त्याहून जास्त बाहेर वाकलेले निघाले. म्हणजे ज्यांना आपण दोष समजून सरळ करत होतो, ते अनेकांच्या बाबतीत जन्मापासूनचे, किंबहुना वाढ पूर्ण झाल्यापासूनचे, त्यांचे स्वतःचे वळण होते. म्हातारपणी झिजेने आलेला वाकडेपणा वेगळा आणि हे वळण वेगळे, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर ते दोन्ही एकमेकांत मिसळून समोर येतात.

यातून किनेमॅटिक अलाइनमेंट नावाचा विचार पुढे आला. अमेरिकेतील स्टीफन हॉवेल यांनी २००६च्या सुमारास तो वापरायला सुरुवात केली. त्याची कल्पना सोपी आहे. झिजलेली कूर्चा किती मिलिमीटर होती याचा अंदाज घ्यायचा, आणि धातूच्या भागाची जाडी जितकी आहे तितकेच हाड व कूर्चा मिळून काढायचे, म्हणजे सांध्याचा पृष्ठभाग आजार होण्यापूर्वी जिथे होता तिथेच परत येतो. अस्थिबंधांना हात लावण्याची वेळ क्वचित येते, कारण ते ज्या सांध्याभोवती वाढले तोच सांधा त्यांना परत मिळतो. याची पूर्ण मोकळी आवृत्ती काही शस्त्रवैद्यांना धोक्याची वाटते, विशेषतः ज्या पायात वळण फार टोकाचे आहे तिथे. म्हणून मर्यादा घातलेल्या मधल्या पद्धतीही निघाल्या. २०२१ साली पायाचे एकूण वळण आणि सांध्याचा तिरकेपणा या दोन मापांवरून गुडघ्यांचे नऊ प्रकार पाडणारे एक वर्गीकरण प्रसिद्ध झाले आणि ते लवकरच रूढ झाले. त्यातून निदान एवढे झाले की ‘सामान्य गुडघा’ हा शब्द एकवचनात वापरणे अवघड झाले.

या नव्या पद्धतीने रुग्ण अधिक सुखी होतात का? यादृच्छिक तुलनात्मक चाचण्यांचे, म्हणजे कोणाला कोणती पद्धत मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणाऱ्या चाचण्यांचे, उत्तर संमिश्र आहे. काही चाचण्यांमध्ये किनेमॅटिक पद्धतीच्या बाजूने वेदना आणि हालचाल यांत थोडा फायदा दिसतो, अनेक चाचण्यांमध्ये काहीच फरक दिसत नाही, आणि मध्यम मुदतीत सांधे लवकर सैल होत असल्याची भीती मात्र खरी ठरलेली नाही. ज्यांना एका बाजूचा ठाम विजय हवा आहे त्यांची इथे निराशा होते. पण ज्या नियमाला चाळीस वर्षे अनिवार्य मानले, तो मोडूनही सांधे टिकतात, हा निष्कर्ष किरकोळ नाही.

इथे एक सावधगिरी नोंदवली पाहिजे. आतापर्यंतची सगळी चर्चा समोरून दिसणाऱ्या एका पातळीची आहे, आणि गुडघा तीन पातळ्यांमध्ये राहतो. बाजूने पाहिले तर नडगीच्या माथ्याला मागच्या बाजूला उतार असतो. तो कमी ठेवला तर गुडघा वाकताना आवळतो आणि जास्त ठेवला तर सांधा पुढे घसरू लागतो. वरून पाहिले तर भाग किती फिरवून बसवले आहेत हे दिसते, आणि ते साध्या एक्स-रेवर जवळजवळ दिसतच नाही. मांडीच्या आणि नडगीच्या भागांचे एकूण फिरणे आतल्या बाजूला झाले असेल, तर गुडघ्याची वाटी आपल्या खाचेतून बाहेरच्या बाजूला ओढली जाते, आणि हे फिरणे जितके जास्त तितका वाटीचा त्रास जास्त, असे सीटी स्कॅनवर केलेल्या मोजणीतून १९९८ सालीच दाखवले गेले होते. समोरून सुरेख दिसणाऱ्या गुडघ्यात पुढच्या बाजूला सतत दुखत असेल, तर अनुभवी शस्त्रवैद्य जंतुसंसर्ग नाही याची खात्री करून घेतात आणि सीटी स्कॅन मागवतात, त्याचे हे कारण आहे. शिवाय एक्स-रे काढताना पाय थोडा जरी आत-बाहेर वळला किंवा गुडघा पूर्ण सरळ झाला नाही, तरी मोजलेला कोन काही अंशांनी बदलतो. एका अंशाच्या फरकावरून होणारे युक्तिवाद वाचताना हे लक्षात ठेवणे बरे.

निकाल म्हणजे नेमके काय मोजायचे

‘शस्त्रक्रिया यशस्वी झाली’ या वाक्याचे किमान तीन अर्थ होतात आणि ते एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो. पहिला अर्थ असा की सांधा टिकला, म्हणजे तो पुन्हा उघडून बदलावा लागला नाही. राष्ट्रीय नोंदवह्या हेच मोजतात. स्वीडनने गुडघ्यांची नोंदवही १९७५ साली सुरू केली, आणि ऑस्ट्रेलिया व इंग्लंडसह अनेक देशांत आता प्रत्येक बदललेल्या सांध्याची नोंद होते. अशा नोंदी एकत्र करून २०१९ साली काढलेला अंदाज असा की पूर्ण गुडघेरोपणांपैकी सुमारे ८२ टक्के आणि अर्ध्या भागाच्या रोपणांपैकी सुमारे ७० टक्के सांधे पंचवीस वर्षे टिकतात. वय मात्र इथे फार मोठा फरक पाडते. सत्तरीनंतर शस्त्रक्रिया केलेल्यांना उरलेल्या आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास असते, तर पन्नाशीच्या सुरुवातीला ती करून घेणाऱ्या पुरुषांमध्ये ती पस्तीस टक्क्यांपर्यंत जाते, असे ब्रिटनमधील मोठ्या पाहणीत २०१७ साली आढळले.

दुसरा अर्थ असा की रुग्णाचे दुखणे आणि कामे सुधारली. यासाठी रुग्णानेच भरायच्या प्रश्नावल्या असतात. गुडघ्यासाठी आणि खांद्यासाठी ऑक्सफर्डच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेगवेगळ्या प्रश्नावल्या आहेत. प्रत्येकीत बारा प्रश्न असून शून्य ते अठ्ठेचाळीस असे गुण मिळतात आणि जास्त गुण म्हणजे चांगली अवस्था. त्यातील दोन-तीन गुणांचा फरक संख्याशास्त्रात लक्षणीय ठरतो, पण रुग्णाला तो जाणवतही नाही. जाणवण्यासाठी साधारण पाच गुण लागतात. दोन पद्धतींची तुलना करणारे अनेक अभ्यास ‘लक्षणीय फरक’ जाहीर करतात तेव्हा तो या उंबरठ्याच्या खाली तर नाही ना, हे पाहावे.

तिसरा अर्थ समाधानाचा आहे आणि तो सर्वांत निसरडा आहे. कॅनडातील ओंटारिओमध्ये सतराशेहून अधिक रुग्णांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. त्यात जवळजवळ पाचातला एक रुग्ण गुडघेरोपणानंतर पूर्ण समाधानी नव्हता, आणि असमाधानाशी सर्वांत घट्ट संबंध कोनाचा नव्हता तर अपुऱ्या राहिलेल्या अपेक्षांचा होता. झीज अजून सौम्य असताना केलेली शस्त्रक्रिया, इतर सांध्यांचे किंवा पाठीचे दुखणे, दीर्घकाळच्या वेदनेने बदललेली मज्जासंस्था, खिन्नता अशी इतर कारणेही त्यात येतात. नोंदवहीच्या दृष्टीने मात्र दुखणारा पण न उघडलेला गुडघा यशस्वीच ठरतो. टिकाऊपणाचे आकडे वाचून आपला गुडघा सुखाचा होईल असा निष्कर्ष काढणे म्हणून चुकीचे आहे. अलीकडे ‘विसरलेला सांधा’ नावाची एक प्रश्नावली वापरली जाते, जी रुग्णाला दैनंदिन कामांत आपल्या सांध्याची जाणीव किती होते एवढेच विचारते. २०१२ साली मांडलेले हे मोजमाप मला सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण निरोगी माणसाला आपल्या गुडघ्याविषयी काहीच सांगण्यासारखे नसते.

खांद्याला रेषा नसते

आता खांद्याकडे वळू. गुडघा भार पेलतो, खांदा हात अवकाशात नेऊन धरतो. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि फऱ्याच्या हाडावरची उखळी लहान व उथळ असते, इतकी की कोणत्याही क्षणी गोळ्याचा चौथा ते तिसरा हिस्साच तिला टेकलेला असतो. बशीवर ठेवलेला चेंडू जसा कोणीतरी दाबून धरल्याशिवाय राहणार नाही, तसा हा गोळा रोटेटर कफ नावाच्या चार स्नायूंच्या कंडरांनी, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोरांनी, उखळीत दाबून धरलेला असतो. लटकता सांधा म्हणून त्यावर भार कमी येतो असे वाटते, पण हात आडवा उचलून धरला की हेच स्नायू गोळ्यावर जवळजवळ शरीराच्या वजनाइतका दाब टाकतात. सांध्याचे भवितव्य त्यामुळे कोनापेक्षा या स्नायूंच्या ताणावर अधिक अवलंबून असते. कोन महत्त्वाचा ठरतो तो त्या ताणाला दिशा देतो म्हणून.

पहिला कृत्रिम खांदा १८९३ साली पॅरिसमध्ये ज्यूल पेआँ यांनी बसवला. क्षयरोगाने सांधा नष्ट झालेल्या एका तरुण बेकरीवाल्यासाठी प्लॅटिनम आणि कडक रबर यांपासून तो बनवला होता, आणि संसर्ग न हटल्यामुळे दोन वर्षांनी काढावा लागला. आधुनिक खांदा अमेरिकेतील चार्ल्स नीअर यांचा. १९५०च्या दशकात त्यांनी फक्त गोळा बदलला आणि १९७०च्या दशकात उखळीही. त्यांचे सूत्र निसर्गाची नक्कल करण्याचे होते. गोळ्याचे केंद्र जिथे होते तिथेच ठेवायचे, दांड्याशी त्याचा कोन साधारण १३५ अंशांचा, गोळ्याचा माथा शेजारच्या उंचवट्यापेक्षा पाच ते आठ मिलिमीटर वर. हे आकडे लहान आहेत आणि चूकही मिलिमीटरमध्येच मोजली जाते. गोळा थोडा मोठा निवडला किंवा वर बसवला तर सांधा ठासून भरल्यासारखा होतो, कंडरा ताणल्या जातात आणि काही वर्षांत रोटेटर कफ फाटू शकतो.

नैसर्गिक आकाराच्या या रोपणात कमकुवत कडी उखळीची आहे. निरोगी उखळी थोडी मागे झुकलेली असते, पण झिजेच्या एका नेहमीच्या प्रकारात गोळा मागे सरकत जातो आणि उखळीचा मागचा काठ खाऊन टाकतो. मग एकाच उखळीत दोन खोलगट पृष्ठभाग तयार होतात, जुना पुढे आणि नवा मागे. फ्रान्समधील वॉल्श यांनी १९९९ साली केलेल्या वर्गीकरणात या प्रकाराला बी-दोन असे नाव आहे आणि खांद्याच्या शस्त्रवैद्यांच्या बोलण्यात ते रोज येते. अशा उखळीवर प्लास्टिकचा भाग आहे तसाच बसवला तर गोळा त्याच्या मागच्या काठावर दाब देत राहतो आणि भाग मुलांच्या डोलणाऱ्या लाकडी घोड्यासारखा डोलून सैल होतो. सरळ करायचे म्हणून पुढचा उंच काठ घासला तर आधीच थोडे असलेले चांगले हाड जाते. साधारण पंधरा अंशांपलीकडे हा मार्ग परवडत नाही. हाडाचा तुकडा लावणे किंवा एका बाजूला जाड असलेला भाग वापरणे हे दुसरे उपाय. आणखी एक मत असे की थोडा कल तसाच ठेवावा, कारण काही पाहण्यांत पंधरा अंशांहून जास्त मागे झुकलेल्या भागांचे दोन वर्षांचे निकाल इतरांपेक्षा वाईट नव्हते. दोन वर्षे हा काळ सैल होण्याच्या दृष्टीने फार लहान आहे, म्हणून या निष्कर्षावर मी फार भार टाकणार नाही.

आणि कफच फाटलेला असेल तर? तेव्हा नीअर यांचे निसर्गाचे सूत्र निकामी होते, कारण गोळा दाबून धरणारे कोणी उरत नाही. डेल्टॉइड हा खांद्यावरचा मोठा स्नायू हात उचलायला गेला की गोळा वर सरकतो आणि हात मात्र उचलला जात नाही. फ्रान्समधील दिजों येथील पॉल ग्रामों यांनी १९८५च्या सुमारास यावर जो तोडगा काढला तो वैद्यकातील धाडसी कल्पनांपैकी एक आहे. त्यांनी सांधाच उलटा केला. उखळीच्या जागी अर्धा गोळा बसवला आणि गोळ्याच्या जागी वाटी. त्यामुळे फिरण्याचे केंद्र शरीराच्या मध्याकडे सरकले आणि हात थोडा खाली ओढला गेला. डेल्टॉइडला लांब तरफ मिळाली, त्याचे अधिक तंतू उचलण्याच्या कामी आले आणि कफ नसतानाही हात डोक्याच्या वर जाऊ लागला. अमेरिकेत या रचनेला २००३ साली परवानगी मिळाली, आणि आज अनेक देशांत नैसर्गिक आकाराच्या खांद्यापेक्षा उलट खांदेच जास्त बसवले जातात. कफ शाबूत असलेल्या वयस्क रुग्णांतही, आणि वर सांगितलेल्या बी-दोन उखळीसाठीही, त्यांचा वापर वाढला आहे.

उलट्या खांद्यात अलाइनमेंटचा अर्थ पुन्हा बदलतो. इथे मूळचे काहीच परत आणायचे नसते, एक नवा समतोल ठरवायचा असतो. ग्रामों यांच्या रचनेत वाटीचा कोन १५५ अंशांचा होता. त्यामुळे हात खाली आणताना वाटीचा काठ फऱ्याच्या हाडाला घासून तिथे खाच पडत असे. म्हणून गोळा उखळीच्या खालच्या काठाशी आणि वरच्या बाजूला झुकणार नाही असा बसवण्याची पद्धत पडली, आणि नव्या रचनांमध्ये वाटीचा कोन १४५ किंवा १३५ अंशांवर आणून दंडाचे हाड थोडे बाहेर सरकवले गेले. त्याने खाच कमी होते आणि हात बाहेर फिरवण्याची शक्ती थोडी सुधारते. पण हात किती खाली ओढायचा, याचा प्रश्न राहतोच. कमी ओढला तर सांधा निखळतो. जास्त ओढला तर मज्जातंतू ताणले जातात आणि डेल्टॉइड जिथून निघतो त्या खांद्याच्या वरच्या कड्याला कधी कधी हळूहळू तडा जातो. योग्य ताण दाखवणारे खात्रीचे मोजमाप शस्त्रक्रियेच्या वेळी उपलब्ध नसते. शस्त्रवैद्य अजूनही तो बराचसा हाताने अजमावतो.

खांद्याचे निकाल साधारणपणे चांगले आहेत, विशेषतः वेदनेबाबत. अनेक देशांच्या नोंदी एकत्र केल्या तर दहापैकी नऊ खांदे दहा वर्षांनंतरही टिकलेले दिसतात. वयाचा फरक इथेही तसाच आहे. इंग्लंडमधील सुमारे अठ्ठावन्न हजार शस्त्रक्रियांच्या २०१९च्या अभ्यासात ५५ ते ५९ वयाच्या पुरुषांमध्ये आयुष्यभरात पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता सुमारे चारात एक होती, तर पंच्याऐंशी आणि त्यापुढच्या वयाच्या स्त्रियांत ती तीन टक्क्यांपेक्षा कमी होती. जंतुसंसर्गाची ओळख खांद्यात अधिक अवघड असते. तिथल्या त्वचेवर राहणारा क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू अतिशय हळू वाढतो, ताप किंवा सूज न आणता फक्त दुखणे आणि आखडलेपणा देतो, आणि प्रयोगशाळेत त्याच्यासाठी सुमारे दोन आठवडे वाट पाहावी लागते.

दोन्ही सांधे शेजारी ठेवले की एक गंमत दिसते. गुडघ्याच्या शस्त्रवैद्यांनी सर्वांसाठी एकच सरळ रेषा घेऊन सुरुवात केली आणि ते आता प्रत्येकाच्या मूळ वळणाकडे परत चालले आहेत. खांद्याच्या शस्त्रवैद्यांनी मूळ आकाराची नक्कल करून सुरुवात केली आणि त्यांची सर्वांत यशस्वी रचना मूळ आकाराच्या नेमकी उलट आहे. गुडघ्यात अस्थिबंध शाबूत असतात, म्हणून त्यांना ओळखीचा सांधा देण्यात अर्थ असतो. खांद्यात ज्या कंडरांसाठी जुना आकार राखायचा, त्याच अनेकदा गेलेल्या असतात. ‘निसर्गाच्या जवळ ते चांगले’ हे वाक्य म्हणून दोन्हींना सारखे लागू करता येत नाही. कोणती मऊ ऊती शिल्लक आहे, यावर ते ठरते.

यंत्रमानवाविषयी लोक हल्ली आवर्जून विचारतात, तेव्हा थोडक्यात. ठरवलेला कोन गाठण्यात ही यंत्रे हाताने वापरायच्या साधनांपेक्षा अचूक आहेत, याबद्दल फारसा वाद नाही. कोणता कोन ठरवायचा, हे मात्र ती सांगत नाहीत. कोरियातील चौदाशेच्या आसपास रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीत दहा वर्षांनंतर यंत्रमानवाने आणि नेहमीच्या पद्धतीने केलेल्या गुडघ्यांच्या गुणांत वा टिकाऊपणात फरक आढळला नाही, असे २०२० साली प्रसिद्ध झाले. ते यंत्र जुन्या पिढीचे होते आणि लक्ष्यही यांत्रिक अक्षाचेच होते, हेही सांगितले पाहिजे. खांद्यात सीटी स्कॅनवरून आधी केलेल्या आखणीचा तर्क मला अधिक पटतो, कारण तिथे जखमेतून उखळीचा छोटा तुकडा दिसतो आणि फऱ्याचे उरलेले हाड, ज्याच्या संदर्भाने कल मोजायचा, ते झाकलेलेच असते. तरीही आखणीने कोन सुधारला म्हणजे रुग्णाचे गुण सुधारले, हे अजून पुरेसे सिद्ध झालेले नाही.

शस्त्रक्रिया ठरलेल्या माणसाला या सगळ्यातून विचारण्यासारखे प्रश्न मिळतात, आणि ते कोनाच्या आकड्यापेक्षा रोजच्या हालचालींचे असलेले बरे. गुडघ्याबाबत विचारावे की माझा पाय तरुणपणी असाच होता का, की हे वळण झिजेने आले आहे, आणि तुम्ही त्यातले किती ठेवणार आहात. जुनी छायाचित्रे असतील तर दाखवावीत, ती निरुपयोगी नसतात. जिना चढायला साधारण नव्वद अंश वाकणारा गुडघा पुरतो, खुर्चीतून उठायला त्याहून थोडा अधिक लागतो, पण शस्त्रक्रियेपूर्वी जो गुडघा कमी वाकत होता तो नंतरही कमीच वाकण्याची शक्यता असते. गुडघे टेकून बसणे अनेकांना जमत नाही, आणि चिरेच्या बाहेरच्या बाजूला एक बधिर पट्टा राहतो, जो दोष नसून त्वचेची बारीक मज्जातंतुशाखा कापली गेल्याची खूण असते. खांद्याबाबत विचारावे की कफची स्थिती काय आहे, उखळीत हाड किती आहे, आणि नैसर्गिक की उलट. उलटा खांदा ठरला, तर हात वर जाईल पण पाठीमागे कमी जाईल, हे आधीच समजून घ्यावे. पाठीवर साबण लावणे, कमरेमागे बांधायची वस्त्रे बांधणे आणि शौचानंतरची स्वच्छता ही कामे त्यामुळे अवघड होऊ शकतात. एकाच बाजूची शस्त्रक्रिया असेल तर दुसरा हात ती सांभाळून घेतो. दोन्ही खांदे उलटे करायचे ठरत असतील, तर किमान एका हाताने ही कामे जमतील ना, हे पहिल्या खांद्याचा निकाल पाहून मगच दुसऱ्याचा निर्णय घेताना तपासले जाते.